थकलेल्या घरफाळ्याचं घर घ्यावं का? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सी-१०४ : मेव्हण्यानं कोल्हापुरात मंगळवार पेठेत जुनं दुमजली घर बघितलंय. घरफाळा (घरपट्टी) ४ वर्षं थकलाय. मालक म्हणतोय, संचकारपत्रात (विसारपत्रात) लिहून देतो, मी भरणार. चालेल का?

ए-३०२ : त्या लिहून देण्यानं महापालिका बांधली जात नाही. महापालिका अधिनियम कलम १४१ नुसार घरफाळ्याचा बोजा मिळकतीवरच असतो, जमीन महसूल सोडला तर सगळ्यांच्या आधी. मालक पैसे घेऊन गेला की जप्तीची नोटीस मेव्हण्याच्या दारावर. मग त्या अटीवर दावा लावत बसा.

बी-२०१ : पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ आहे की काका. विक्रीपर्यंतची देणी विकणाऱ्याची.

ए-३०२ : ते घेणाऱ्या-देणाऱ्यातलं. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात थकबाकी ठाऊक नसलेल्या खरेदीदाराला सोडवलं होतं खरं. इथं मात्र ठाऊक आहे, आणि हा ग्रुपच साक्षीला 😄

डी-४०१ : आधी खरा आकडा काढा. मालकाच्या तोंडचा धरू नका. जुन्या पावतीवरचा करदाता क्रमांक घेऊन विभागीय कार्यालयातल्या घरफाळा विभागातून थकबाकीचा लेखी उतारा मागा. शास्ती (उशिराचा दंड) महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. मूळ १०,००० रुपये ५ वर्षं पडून राहिले तर नुसती शास्तीच १२,००० होते. शास्तीत सवलतीची योजना अधूनमधून येते, पण तिच्या भरवशावर व्यवहार लांबवू नका.
आणि दुमजली म्हणताय तर खालचं दुकान किंवा भाडेकरूची खोली वेगळ्या क्रमांकावर आहे का बघा. वरच्या मजल्याची पावती दाखवून 'सगळं भरलंय' म्हणणारे भेटतात. पाणीपट्टीचा हिशेब तर वेगळाच, तोही मागा.

बी-२०१ : बिलात 'अवैध बांधकाम शास्ती' असा रकाना असेल तर थांबा. ती घरफाळ्याच्या दुप्पटीपर्यंत जाऊ शकते, आणि भरली तरी बांधकाम कायदेशीर होत नाही. मंजूर नकाशा मागा.

सी-१०४ : मग पैसे कसे फिरवायचे?

डी-४०१ : थकबाकीची रक्कम मालकाच्या हातात देऊच नका. ठरलेल्या किमतीतून वजा करून मेव्हण्यानं स्वतः त्या क्रमांकावर भरायची. पावती जुन्या मालकाच्या नावानंच निघेल, घाबरू नका. पण ही रक्कम किमतीचाच भाग आहे असं संचकारपत्रात आणि खरेदीपत्रातही पावती क्रमांकासह लिहून घ्या, नाहीतर मालक उद्या म्हणेल बाकी राहिली. चेकनं भरलं तर वटेपर्यंत थांबा. मग थकबाकी नसल्याचा दाखला, आणि तो हातात आल्यावरच खरेदी नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे.

ए-३०२ : खरेदीनंतर ३ महिन्यांत हस्तांतराची लेखी सूचना महापालिकेला द्यायची, दोघांनीही. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), खरेदीपत्राची प्रत, शेवटची पावती लागते. प्रॉपर्टी कार्डावर नाव लागलं म्हणजे घरफाळ्यालाही लागलं असं नाही, सिटी सर्व्हेचं ऑफिस वेगळं. हे राहिलं की बिलं जुन्याच नावानं निघतात, कुणी भरत नाही, आणि शास्ती पुन्हा चालू.

सी-१०४ : त्यानं पाचगावातही एक बघितलंय.

बी-२०१ : तिथं ग्रामपंचायत. घरपट्टी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (आधीचे ग्रामसेवक), नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा काढायला सांगा.