मदत हवी आहे: फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही

फ्रॉस्ट-फ्री (म्हणजे आत बर्फ साचू न देणारा) फ्रिज आहे, पण कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड चालतो आणि मीटर नुसता पळतोय. खाली ४ अंश, फ्रीजर उणे १८. त्याहून थंड करण्यात अर्थ नाही. मागची धूळ झाडली, भिंतीपासून पुढे ओढला. दारात कागदाची पट्टी अडकवून पाहिली, तर वरच्या कोपऱ्यात ती अलगद निघून येते, बाकी सगळीकडे घट्ट. म्हणजे रबर तिथंच सैल झालंय. गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने शेकून ते पुन्हा बसतं का, की सरळ नवीनच टाकावं? शिवाय फ्रीजरच्या मागच्या पत्र्यावर बर्फाचा थर आहे (फ्रॉस्ट-फ्री म्हणे!). हा दारातून शिरणाऱ्या दमट हवेचा प्रताप, की डीफ्रॉस्ट हीटर (साचलेला बर्फ वितळवणारा) गेलाय? घरच्या घरी कसं ओळखायचं? ‘नवा फ्रिज घ्या’ सोडून काहीही सुचवा.