मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांना कामधंद्यांची ओळख, कारखानदारांशी कसं जमवायचं?

नमस्कार. इचलकरंजीत प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. तिसरी-चौथी मिळून ४१ मुलं. "मोठं होऊन कोण होणार?" विचारलं की पोलीस, डॉक्टर, मॅडम. संपलं! भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडतात, पण वहिफणी (मागासाठी उभे धागे एकेक करून ओवण्याचं काम) म्हणजे काय, हे वहिफणीवाल्याच्या पोरालाही सांगता येत नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणातले दहा दप्तराविना दिवस (स्थानिक कारागिरांकडे काम शिकायचे) सहावी ते आठवीसाठी आहेत, म्हणून तो मार्ग सुचवू नका.

एका सायझिंगवाल्यांनी (सुताला खळ लावणाऱ्यांनी) बॉयलरमुळे नकार दिला (बरोबरच आहे त्यांचं). एक कारखानदार वर्गात आले, पण अर्धा तास जीएसटीवरच बोलले. शेवटी पिशवीतून धोटा (मागात आडवा धागा नेतो तो) काढला, तेव्हा कुठे मुलं सरसावून बसली.

बसला पैसे नाहीत, चालत जाता येईल तेवढंच. मुख्याध्यापक आणि पालक तयार आहेत. देणगी नको, माणूस हवा.

मालकांना न दुखवता "तुम्ही नको, तुमचा जॉबर (माग दुरुस्त करणारा) किंवा वहिफणीवाला तासभर पाठवा" हे कसं सांगायचं? आणि त्या तासाची त्याची बुडालेली मजुरी तुमच्याकडे कोण भरून देतं?