सुतीच दोरा घ्या

एका ताईंनी विचारलंय, क्रोशाचा रुमाल लोकरीने करावा की सुती दोऱ्याने. सुतीच घ्या! लोकरीत जाळी उठून दिसत नाही. धुतल्यावर साबुदाण्याची पातळ खळ द्या, कडा ओढून टाचण्या लावा आणि सावलीत वाळवा. गोल रुमाल वाटीसारखा वळत असेल तर फेरीतले खांब (उभे टाके) कमी पडलेत, झालर पडत असेल तर जास्त झालेत.

मला शिंपल्याची जुनी बटणं जमवायचा नाद (घरच्यांच्या मते खूळ!). तीच कडेला ओवते, वजनाने तांब्यावरचा रुमाल उडत नाही. इथे साताऱ्यात अजून सकाळी शाल सुटत नाही. काटेसावर फुलली की लोकर डांबरगोळ्यांसकट ट्रंकेत जाईल. तोवर दुपारचं ऊन आणि सुई.