बाइट वाचवायचा सल्ला द्यावा कसा?

प्रश्न
आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर शनिवारी कोड गोल्फ चालतं, म्हणजे कमीत कमी बाइटमध्ये (साधारण एक अक्षर म्हणजे एक बाइट) प्रोग्राम लिहायचा खेळ. परवा फिझबझ होतं: १ ते १०० छापायचे, पण ३ने भाग जाणाऱ्या संख्येऐवजी 'फिझ', ५ने जाणाऱ्या ऐवजी 'बझ', दोन्हींनी जाणाऱ्या ऐवजी 'फिझबझ'. एका ज्युनिअरने पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ६२ बाइटचं उत्तर टाकलं, अख्खं एका ओळीत. मी लगेच खाली माझं ६० बाइटचं चिकटवलं. पोरीने पाच मिनिटांत स्वतःचं डिलीट केलं. फार लागलं मला ते. काय करायला हवं होतं?

उत्तर १
अगं, शोधायला तिच्या वाट्याला काही ठेवलंच नाहीस. तिने 'बाकी १पेक्षा कमी का' याच्या उत्तराने (हो म्हणजे १, नाही म्हणजे ०) 'फिझ' शब्दाला गुणलं असणार, म्हणजे शब्द एकदा येतो किंवा येतच नाही. ती तपासणी कंसात असणार, कारण पायथनमध्ये गुणाकार तुलनेच्या आधी होतो. एवढंच विचारायचं: 'मोजणी ०पासून केलीस तर हे कंस जातील का?' मग ३ने भागून बाकी २ उरली तरच पुढच्या संख्येला ३ने भाग जातो. त्या बाकीला २ने पूर्णांक भागलं की १, एरवी ०. बझलाही तसंच, ५ आणि ४ घेऊन. दोन्हीकडे एकेक बाइट सुटतो. रेंजमध्ये, म्हणजे कुठून कुठवर मोजायचं ते सांगताना, वाचलेले दोन मात्र संख्या छापतानाच्या शेवटच्या 'अधिक १'मध्ये परत जातात, तेही सांग.

उत्तर २
सुचवण्याआधी १ ते १०० चालवून बघत जा. मी एकदा एकाचा बाइट वाचवला आणि १५ला नुसतं फिझ यायला लागलं. आणि फिझ-बझ काहीच न आल्याने उरलेल्या रिकाम्या स्ट्रिंगपुढे (मजकुरापुढे) तिने 'ऑर', म्हणजे 'नाहीतर', लावून संख्या छापली असेल, तर त्याचं आधी कौतुक कर. ती युक्ती सहज सुचत नाही.

प्रश्नकर्ती
हो, लावलाय. आत्ताच मेसेज केला, 'ऑर कसं सुचलं तुला?' टाइप करतेय ती.