मदत हवी आहे : बडोद्याच्या जुन्या वर्गमित्रांची माहिती कशी जमवावी?

नमस्कार मंडळी. आम्ही महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेतून 1996 साली बीए झालो. म्हणजे 1881 च्या बडोदा कॉलेजची ती मोठ्या घुमटाची इमारत. यंदा दिवाळीपर्यंत कोण कुठे आहे, काय करतं, घरी कोण कोण, अशी छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय.

मुलांचा पत्ता लागतोय. दांडिया बाजार, रावपुऱ्यात कुणाचे ना कुणाचे नातेवाईक भेटतातच. अडलंय ते मुलींपाशी. ग्रुप फोटोच्या मागे शाईने माहेरची नावं लिहिली आहेत, पण लग्नानंतर आडनाव बदललं आणि काहींचं तर नावही. फेसबुकवर शोधायचं तरी कोणत्या नावाने? माहेरची घरंही विकली गेलीत.

दुसरी अडचण मला जास्त सतावते. माहितीचा जो फॉर्म केलाय त्यात हुद्दा, जोडीदाराचा व्यवसाय, मुलं काय करतात, असे रकाने आहेत. एका मैत्रिणीने तो कोराच परत पाठवला. तिचे यजमान गेलेत, हे नंतर कळलं. कुणाची नोकरी सुटली असेल, कुणी लग्नच केलं नसेल. त्यांनाही मोकळेपणाने लिहावंसं वाटलं पाहिजे, ती आमचीच माणसं आहेत.

कुणी असं काम केलं असेल तर प्रश्न कसे विचारले ते कृपया सांगा, नमुना असल्यास पाठवा. आणि माहेरच्या नावावरून शोध घ्यायचा काही मार्ग?