जुन्या गावाची गोधडी : आजीचं लुगडं कापू की नको?

तेरणाकाठची

आधी प्रश्न सांगते, मग बाकीचं. माझ्याकडे आजीचं एक नऊवारी इरकल लुगडं आहे. अंजिरी रंग, लाल पदर. एका टोकाला हातभर फाटलंय आणि पदराजवळ मातीचा मोठा डाग आहे. या लुगड्याचे तुकडे करून त्यातून आमचं जुनं गाव गोधडीवर उभं करायचं असं माझ्या मनात आहे. गल्ल्या, आड, पार, चावडी, सगळं. पण कात्री हातात घेतली की पुढे जाववत नाही. तीन वेळा लुगडं काढलं आणि तीन वेळा घडी करून ठेवून दिलं.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात ते गेलं. मी नऊ वर्षांची होते. रात्री गणपती बोळवून सगळे उशिरा झोपले होते. मला उकडत होतं म्हणून आत्यानं तिच्याजवळ अंगणात, पत्र्याखाली घेतलं. आजी आणि धाकटा भाऊ माजघरात होते. माय ढेलजेत, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत होती, तिला सकाळी काढलं. आजी आणि भाऊ दुसऱ्या दिवशी सापडले, पाऊस चालू होता. हे लुगडं त्याच्याही नंतर, चेपलेल्या पत्र्याच्या पेटीतून निघालं.

ज्यांनी ती घरं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. भिंती दोन-अडीच हात रुंद, काळ्या दगडाच्या, दगडांमधे नुसता चिखल. वर लाकडी खणांवर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी त्यावर पांढरी माती टाकायची, जुना थर तसाच ठेवून नवा. आमच्या भिंतीतच बळद होतं, त्यात वर्षाची ज्वारी. उन्हाळ्यात असं गार घर मी पुन्हा कुठे अनुभवलं नाही. त्याच मातीखाली माणसं गुदमरली. गावाच्या कडेला कुडाच्या, छपराच्या घरांत राहणारी बरीच गरीब माणसं वाचली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) हे दोन्ही जिल्हे मिळून जवळपास १०,००० माणसं गेली.

पुढे काही वर्षं पत्र्याच्या शेडमधे काढली आणि मग नवीन गाव मिळालं. घर पक्कं, रस्ते रुंद, नळ दारात. आमची तक्रार नाही. पण जुनं गाव कुणी बोलायचंच बंद झालं. माय तर तिकडचा रस्तासुद्धा टाळायची.

गेल्या उन्हाळ्यात मुलाला शाळेतून ‘माझे गाव’ असा नकाशा काढायला सांगितला होता. (मी आता लातुरात असते, ब्लाउज शिवते. माय माझ्याजवळच असते.) त्यानं आजोळचं नवीन गाव पट्टी घेऊन दहा मिनिटांत आखलं. मी म्हटलं, थांब, खरं गाव मी काढून दाखवते. आणि मला येईना. मारुतीपासून आमच्या वाड्यापर्यंत रोज पळत जायचे मी, पण कागदावर ती गल्ली वळतच नव्हती. मी आड कोपऱ्यावर काढला तेवढ्यात बाजेवरून माय म्हणाली, “तिथं कुठला आड? तिथं आबाची कडब्याची गंजी होती. आड लिंबाच्या पल्याड.”

एवढ्या वर्षांत जुन्या गावाबद्दल तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

त्या रात्री ती दोन वाजेपर्यंत बोलली. कुणाच्या ढेलजेत पायरी किती उंच होती, कुणाचं साणं (माळवदातलं उजेडाचं भोक) गळायचं, कुठल्या घराची सून आडावर येताना गात यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी काही नाही. मी कागद पुढे सरकवला, मुद्दाम एक घर चुकवलं, की पुन्हा सुरू. आता माझ्याकडे अकरा कागद आहेत. कागद फाटतील म्हणून हे गोधडीवर घ्यायचंय. ब्लाउजच्या गिऱ्हाइकांची कामं संपवून रात्री एक-दीड तास बसते. इतक्या वर्षांत शिवण हे माझं पोट होतं. आता दिवसभर मी रात्रीची वाट बघते.

तर लुगडं कापावं का? डाग धुवावा का? आणि जी घरं अख्खी गेली, एकही माणूस उरलं नाही, ती कशी दाखवायची? नावं शिवावीत असं मला वाटतं, पण खात्री नाही.

---

धावदोरा, पुणे

ताई, कात्री ठेवून द्या. गरजच नाही.

नऊ वार लुगड्याची लांबीत चार घडी घातली की सव्वादोन वार होतं, म्हणजे साधारण दोन मीटर. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी. एका माणसाला पुरेल अशी गोधडी न कापता तयार होते. माझ्या सासूबाई अशाच शिवायच्या, लुगडं अखंड ठेवून. चार थर, खाली मांजरपाटाचं अस्तर, आणि वरच्या थरावर तुमचं गाव. गल्ल्या नुसत्या धावदोऱ्यानं काढा. घरं दुसऱ्या कापडाच्या ठिगळांची लावा. उद्या कुणाला लुगडं परत हवं झालं तर दोरे उसवले की ते जसंच्या तसं हातात येईल. जुन्या कापडाला हाच मान.

आता कापडाबद्दल. इरकलचा पदर बहुतेक वेळा रेशमी असतो आणि जुनं रेशीम घडीवर चिरतं. पदराच्या मागे आधी मऊ मलमल लावा, लांब लांब टाके घालून. फाटलेल्या टोकालाही तेच, ओढून रफू करू नका. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो, ताण आला की दोरा टिकतो आणि जुनं सूत कापलं जातं. सुई बारीक.

डागाचं मी तुमच्या जागी असते तर धुतलं नसतं. सुकी माती मऊ ब्रशनं हलकेच झाडा, निघेल तेवढी निघू द्या. बाकीचं धुवायचंच असेल तर आधी लाल काठावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. रंग उतरला तर पाण्याचं नावच नको. नाही उतरला तर गार पाणी आणि गाळून घेतलेलं रिठ्याचं पाणी, पिळायचं नाही, सावलीत आडवं पसरून वाळवायचं.

आणि ही पांघरायची आहे की भिंतीला लावायची? लावायची असेल तर वरच्या कडेला नेफा अस्तराला शिवा, लुगड्याला नको. सगळं वजन अस्तरावर आलं पाहिजे.

---

वाशिष्ठीच्या काठावरून

मी चिपळूणचा, चित्रकलेचा शिक्षक. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर छतापर्यंत पाणी होतं. २००५ चा पूर पाहिलेला, म्हणून वडिलांनी सामान माळ्यावर टाकायला सांगितलं होतं. या वेळी पाणी माळ्यावरही गेलं. माझी वीस वर्षांची जलरंगातली चित्रं तिथे होती. कागदाचे गठ्ठे लगद्यासारखे उचलून बाहेर टाकले.

तुम्ही शिवणाबद्दल विचारलंय, ते मला येत नाही. पण ‘रात्रीची वाट बघते’ हे वाचून लिहावंसं वाटलं. पुरानंतर महिन्याभरात मला दोन-तीन जणांनी सांगितलं की आता यातून काहीतरी मोठं काढ. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला त्या बोलण्याचा फार त्रास झाला. वर्षभर मी ब्रश धरला नाही. शाळेत फळ्यावर काढायचो तेवढंच.

सुरुवात झाली ती भिंतीवरच्या रेघेपासून. घर रंगवायला काढलं तेव्हा पाणी जिथवर थांबलं होतं तिथे एकाखाली एक पाच रेघा दिसल्या. पाणी एकदम उतरत नाही, थांबत थांबत उतरतं. मी त्या रेघांवर ट्रेसिंग कागद लावला आणि गिरवल्या, बाकी काही डोक्यात नव्हतं. मग अंगणातला वाळलेला गाळ कुटला, फडक्यातून चाळला आणि डिंकाच्या पाण्यात खलला. करडा, किंचित हिरवट रंग निघतो. आता त्यातच काम करतो.

म्हणून एवढंच सुचवतो : तो मातीचा डाग गोधडीवर वरच्या बाजूला येईल अशी घडी घाला. तुमच्या गावची माती आणखी कुठून आणणार?

---

पांढरी माती

मी उमरगा भागातला. आमचंही गाव उठून दुसरीकडे वसलं. मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका ताई.

माझ्या वडिलांना जुन्या गावाचं नाव काढलेलं आजही चालत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं गावातल्या गेलेल्या सगळ्यांची नावं लिहिलेला फलक लावायचं ठरवलं. चांगलंच काम होतं. पण एका घरातल्या म्हाताऱ्यानं येऊन हात जोडले, आमच्या पोरीचं नाव नको लिहू. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तुमची माय बोलते, त्यात ती मोकळी होते, हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्या मायच्या आठवणीतलं दुसऱ्याचं घर हे त्या दुसऱ्याचंही आहे. नाव शिवण्याआधी त्यांच्यातलं कुणी कुठे असेल, लातूर, पुणे, सोलापूर, त्यांना विचारा. कुणीच नसेल तर नाव न लिहिता घर दाखवा.

आणि एक गोष्ट घ्याच. नवीन गावात घरं ज्याच्या त्याच्या शेतजमिनीप्रमाणे दिली गेली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावरच्यांना ७५०. जुन्या गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लागून असलेला सालगडी नवीन गावात पार दुसऱ्या टोकाला गेला. बायकांचं आडावरचं बोलणं तिथेच तुटलं. भूकंपानं माणसं नेली, पण राहिलेल्यांचा शेजार नकाशानं नेला, असं मी नेहमी म्हणतो. तुमची गोधडी गल्लीनं लागलेली असू द्या.

---

मोगरा, नागपूर

तेरणाकाठची, ते अकरा कागद आजच मोबाइलवर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. आणि माय बोलत असताना आवाज रेकॉर्ड करा, तिला सांगून. गोधडी व्हायला वेळ लागेल.

---

तेरणाकाठची

सगळ्यांना उत्तर द्यायला अडीच महिने लागले, लग्नसराई होती.

लुगडं कापलं नाही. चार घडी घातली, आणि घडी अशी फिरवली की डाग वर आला, बरोबर गावाच्या उत्तरेला, जिथून आम्ही नदीकडे जायचो. धुतलं नाही. पदरामागे मलमल लावली. मोगराताई, फोटो काढले. आवाज मात्र माय मोबाइल बघितला की गप्प होते, म्हणून तो नाद सोडला. रात्री ती झोपल्यावर मी वहीत लिहिते.

उमरग्याचे दादा, तुमचं बोलणं मनाला लागलं आणि तुम्ही बरोबर होतात. आमच्या गल्लीतल्या सतरा घरांपैकी बारा घरांतलं कुणी ना कुणी सापडलं. फोन करताना जीभ जड व्हायची. दोघांनी नको म्हटलं, त्यांच्या घरांची मी फक्त कड शिवली आहे, आत काही नाही. बाकीच्यांना मी नाव मागितलं नाही, कापड मागितलं. कुणी धोतराची पट्टी दिली, कुणी खणाचा तुकडा, एका काकूंनी पत्र्याच्या शेडमधे असताना वाटलेल्या चादरीचा कोपरा पाठवला. त्या काकू नवीन गावात आमच्यापासून पाच रस्ते लांब गेल्या होत्या. गोधडीवर त्या पुन्हा आमच्या भिंतीला लागून आहेत. मायनं ते ठिगळ लावलेलं बघितलं, त्यावरून दोनदा हात फिरवला आणि त्यांना फोन लाव म्हणाली.

सर, तुम्ही एक वर्ष ब्रश धरला नाही म्हणालात. मला तीस वर्षं लागली. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आमचं माजघर मायनं स्वतः शिवलं. तिला आता नीट दिसत नाही, टाके लांब-आखूड पडलेत, दोरा दोन ठिकाणी गुंतलाय. मी एकही उसवला नाही. तिनं माजघरात जातं काढलं, गोल, आणि जात्याच्या दोन बाजूंना दोन टाके घातले. विचारलं तर म्हणाली, “एका अंगाला मी, एका अंगाला तुझी आजी. पहाटं दळायला बसायचो.” भावाचं काही काढलं नाही. मीही विचारलं नाही.

आता अडलंय ते इथे. धावदोराताई, आडाजवळ चार थर, अस्तर आणि वर खणाचं ठिगळ, एवढ्यातून बारीक सुई जात नाही, वाकते. दोन मोडल्या. जाड सुई घेतली तर लुगड्याला भोक पडेल अशी भीती वाटते. सुईला मेण लावून बघू का, की तिथलं अस्तर कमी करू?