अनुभव धागा: हातात पुस्तक, समोर कॉम्प्युटर नाही. तुम्ही प्रोग्रॅमिंग कसं शिकलात?

मिरजेची_मावशी

परवा आईकडे माळा आवरायला चढले. पितळेचे डबे, दादाचा मोडका कॅरम आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माझं 'सी' या प्रोग्रॅमिंग भाषेचं पुस्तक. खाकी कव्हर, वर शाईने माहेरचं नाव, बी.एस्सी. भाग २, १९९८. आत पानोपानी पेन्सिलीने लिहिलेले आउटपुट. लिहिलेलेच, कारण चालवून बघायला मशीन होतं कुठे!

कॉलेजात मशीन आठ, मुलं साठ. आठवड्यातून एकदा पाऊण तास, एका खुर्चीत दोघी आणि मागे दोघी उभ्या. म्हणून घरी मीच कम्पायलर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा. दोनशे पानी वहीत डावीकडे प्रोग्रॅम, उजवीकडे प्रत्येक व्हेरिएबलचा (बदलत्या किमतीच्या नावाचा) एकेक रकाना. लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) एकदा फिरला की जुनी किंमत खोडायची, खाली नवी लिहायची. आई म्हणायची, "एवढी घोडी झालीस तरी पाढेच लिहितेस का गं?"

रविवारी मामाच्या ऑफिसात एक मशीन मोकळं असायचं. आठवडाभराचे प्रोग्रॅम तिथे टाइप करायचे. असाच एकदा फॅक्टोरियलचा केला, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. ५ चं १२०, ६ चं ७२०, ७ चं ५०४०, सगळं वहीबरहुकूम. ८ दिले आणि पडद्यावर आलं उणे २५२१६. वहीत ४०३२०. मला एकदाही वाटलं नाही की मशीन चुकत असेल. तीन रविवार मी स्वतःचा गुणाकार तपासत होते, शेजारच्या गणिताच्या सरांकडूनसुद्धा तपासून घेतला. उत्तर त्याच पुस्तकात होतं, अगदी पहिल्या धड्यात, एका चौकटीत. ती मी 'नंतर वाचू' म्हणून सोडली होती. काय होतं ते आता सांगत नाही, ज्यांना माहीत आहे ते हसतीलच.

तर लिहा. कुठली भाषा, पुस्तक कुठून मिळवलं, कुठे अडलात.

निळा_पडदा

कंट्रोल एफ९ म्हणजे चालव! आल्ट एफ५ म्हणजे आउटपुट दाखव! बोटांना अजून पाठ आहे. बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही.

बारा_भानगडी

त्या कम्पायलरमध्ये इंट (साधा पूर्णांक) दोन बाइटचा. -३२७६८ ते ३२७६७ एवढंच मावतं, वर गेलं की उणेकडून फिरून येतं. ४०३२० मधून ६५५३६ गेले की -२५२१६. लाँग (मोठा पूर्णांक) घ्यायला हवा होता.

निळा_पडदा

@बारा_भानगडी अहो त्यांनी मुद्दाम झाकून ठेवलं होतं ते. तुमच्या शेजारी बसून पिक्चर बघणं कठीण आहे. (हलके घ्या.)

वऱ्हाडी_ठेचा

आधी कबुली देऊन टाकतो. माझ्या वहीत वर्षभर पहिली ओळ 'स्टुडिओ डॉट एच' होती. एस टी डी आय ओ (स्टँडर्ड इनपुट-आउटपुट) असं नीट वाचायची गरजच वाटली नाही, मनात म्हटलं स्टुडिओच असंन, पडद्यावर चित्र दिसते ना. पहिल्यांदा मशीनवर टाइप केलं तर फाइल सापडत नाही म्हणे. मी लॅबवाल्या भाऊंना सांगतो, तुमच्या मशीनमदी स्टुडिओ टाकलेला नाही.

पुस्तक सीताबर्डीवरून सेकंड हँड. आमच्या नागपूरच्याच सरांचं, नाव सांगायची गरज नाही. आधीच्या मालकानं पॉइंटरच्या (मेमरीतल्या पत्त्यांच्या) धड्यापर्यंत तीन रंगात रेघा मारलेल्या. त्याच्या पुढं कोरं करकरीत. बिचारा तिथंच गेला बापा.

अगंबाई

पॉइंटरनंतर कोरं +१००

लातूरची_मी

माझं कॉम्प्युटरवर नाही, इंग्रजीवर अडलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम डिप्लोमा. मांडीवर पुस्तक, शेजारी शब्दकोश. स्ट्रिंग म्हणजे दोरी. लूप म्हणजे फास. एक्झिक्यूट बघितलं तर एक अर्थ अंमलात आणणे आणि त्याच्याच खाली देहान्ताची शिक्षा देणे. दोरी आणि फास आधीच हातात होते, त्यामुळे मी कुठला अर्थ धरला असेल ते सांगायला नको. 'फास दहा वेळा फाशी जातो' असं समासात लिहिलेलं अजून आहे. फ्लोट तरंगणे, व्हॉइड पोकळी. रिटर्न तेवढं कळलं, एसटीच्या तिकिटामुळे.

प्रत्येक शब्द वहीच्या मागच्या पानांवर उतरवत गेले. चारशेच्या आसपास झाले आणि मग भरच पडेना. पुस्तक त्या चारशे शब्दांच्या बाहेर जातच नव्हतं, तेच फिरून फिरून यायचे. इंग्रजी पेपर उघडला तर पहिली ओळ कळायची नाही, पण अ‍ॅरेचा धडा सरळ वाचून काढायचे. माझं इंग्रजी अशा उलट्या दारानं आलं. 'इफ' आणि 'एल्स' आधी, 'हाऊ आर यू' नंतर.

तोंडी परीक्षेत मी कॅरेक्टरच्या त्या छोट्या शब्दाला (सी एच ए आर) 'चार' म्हणाले, बाहेरून आलेले सर हसले. फार लागलं होतं तेव्हा. आता हैदराबादला आमच्या टीममध्ये कोणी चार म्हणतं, कोणी कॅर, कोणी कार. कोणी हसत नाही.

मिरजेची_मावशी

@लातूरची_मी, अगं, 'फास दहा वेळा फाशी जातो' वाचून चहा सांडला. त्या सरांना चार शब्द सुनवावेसे वाटताहेत.

अगंबाई

चार की कॅर?

गवती_चहा

मस्त धागा. जाता जाता, मुलगा आठवीत आहे. त्याला सुरुवातीला कुठलं पुस्तक देऊ? मराठीत असेल तर उत्तम.

पूर्णविराम

मी आपणा सर्वांपेक्षा वयाने बराच मोठा, ६८. १९८५ साली मुंबईत एका बँकेच्या संगणक विभागात बदली झाली आणि साहेबांनी कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेचे जाडजूड पुस्तक हाती दिले. "महिन्याभरात वाचा." शिकवणारा कोणी नाही. अंधेरी ते चर्चगेट, जाता-येता लोकलमध्ये वाचले. उभ्याने.

कोबोलमध्ये ओळ कुठून सुरू करायची यालाही कायदा. पहिले सहा रकाने ओळीच्या क्रमांकासाठी. सातव्यात चांदणी टाकली तर ती ओळ नुसती टीप. आठव्यापासून विभागांची व परिच्छेदांची नावे, बाराव्यापासून आज्ञा, आणि ७२ च्या पुढे काहीही लिहा, मशीन ते वाचत नाही. प्रोग्रॅम आम्ही छापील चौकटींच्या कागदावर लिहायचो, ऑपरेटर मुली तो टाइप करायच्या, दुसऱ्या दिवशी चुकांचा कागद हातात. दिवसाला एकच संधी.

एकदा माझा एक पूर्णविराम ७३ व्या रकान्यात गेला. कागदावर स्पष्ट दिसतो आहे, मशीन म्हणते नाही. गणपतीचे पाच दिवस मी तो कागद घेऊन बसलो होतो. आरतीला टाळ हातात आणि डोक्यात पूर्णविराम. शेवटी ऑपरेटर मुलीनेच सांगितले, "साहेब, तुमचं अक्षर रेघेबाहेर गेलंय."

पुढे १९९८ मध्ये याच कोबोलने अमेरिका दाखवली. वर्ष दोनच अंकांत लिहिलेले असल्यामुळे २००० साली ०० येणार, आणि ते १९०० समजले जाणार, म्हणून जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला माणसे हवी होती. पुस्तक अजून कपाटात आहे. नातवाने त्यावर उभे राहून खिडकी बंद केलेली मी पाहिली आहे.

निळा_पडदा

काका, तुमच्या आयडीचा अर्थ आज कळला. __/\__

म्हापशेकर

माझं जरा अलीकडचं, २०१९. वाचनालयात पायथॉन या भाषेचं एकच पुस्तक होतं, ते दुसऱ्या आवृत्तीच्या पायथॉनचं. लॅपटॉपवर तिसरी. मला कुठे माहीत दोन वेगळ्या असतात! पहिल्याच पानावर प्रिंट लिहून पुढे अवतरणचिन्हांत मजकूर. जसंच्या तसं टाइप केलं, लाल ओळ आली. कंस हवेत म्हणे. पुस्तकात कंस नाहीत. मला वाटलं छापायचे राहिले. पाचव्या पानावर पाचाला दोनाने भागलं, पुस्तक म्हणतं २, माझा लॅपटॉप म्हणतो २.५. इथे मी पुस्तकावरचा विश्वास गमावला. शाळेत पण २.५ च येत होते.

शेवटी समजलं की तिसरी आवृत्ती २००८ पासून आहे आणि दुसरीचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला कायमचा थांबणार. म्हणजे मी मरायला टेकलेल्या माणसाकडे शिकवणी लावली होती. तरी पुस्तक सोडलं नाही. प्रत्येक उदाहरण आधी मोडलेलं मिळायचं आणि ते जुळवून मगच पुढे जायचं. नवं पुस्तक असतं तर मी नुसतं टाइप करत गेलो असतो, खरंच सांगतो.

आता जातो, बाजार करायचा आहे. आज बुधवार, बांगडे मिळाले तर मिळाले.

अगंबाई

बांगड्यांचा फोटो टाका. पायथॉनपेक्षा ते कळतं.

बारा_भानगडी

@म्हापशेकर पूर्णांक भागाकार हवा असेल तर दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात तिसऱ्या आवृत्तीत.

एकदाच_लिहितो

माझं 'सी'चं पुस्तक कर्निघन आणि रिची यांचं, १९८८ची दुसरी आवृत्ती. पुण्यात अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं फिरून मिळालं. पातळ. दुकानदार म्हणाला, एवढंसं काय घेता, त्याच किमतीत जाड येतंय बघा. उदाहरणं नेमकी, समजूत घालणं शून्य, मागे उत्तरं नाहीत. एक परिच्छेद कळायला दोन दिवस लागायचे, आणि कळला की लक्षात यायचं यापेक्षा कमी शब्दांत सांगताच आलं नसतं. 'हॅलो वर्ल्ड' हे पहिल्या प्रोग्रॅमचं उदाहरण जगभर पोचलं ते याच पुस्तकाच्या १९७८ च्या आवृत्तीतून. जाड पुस्तकं मला कधीच मानवली नाहीत, हे वैयक्तिक मत.

ऑक्टोबर २०११ मध्ये स्टीव्ह जॉब्ज गेला आणि आठवडाभरात 'सी' बनवणारा डेनिस रिची गेल्याची बातमी आली. ऑफिसात जॉब्जबद्दल सगळे बोलत होते. रिचीबद्दल मी आणि आमचा एक तमिळ सहकारी, असे दोघंच. त्या दिवशी आम्ही कॅन्टीनमध्ये एक चहा जास्त प्यायलो.

वऱ्हाडी_ठेचा

बरोबर आहे भाऊ. पण आमाले जाडंच लागलं. एकच गोष्ट चार वेळा सांगितल्याशिवाय उजेड पडत नव्हता.

ठिपके_रेघा

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी गृहिणी, वय ५१. मिस्टर गेल्यावर सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब माझ्याकडे आला, ते बघायचे. लेकीचं पायथॉनचं पुस्तक घरात पडून होतं. दुपारी झोप लागायची नाही, म्हणून उघडलं.

एकात एक लूप घालून चांदण्यांचा त्रिकोण काढायचा धडा सगळ्यांना अवघड जातो असं लेक म्हणाली. मला तो लगेच आला, कारण ती ठिपक्यांची रांगोळी आहे. एक ते नऊ, परत नऊ ते एक. ओळ म्हणजे बाहेरचा लूप, ओळीतले ठिपके म्हणजे आतला. पडद्यावर आल्यावर सासूबाईंना दाखवलं. त्या चष्मा सावरत म्हणाल्या, "ठिपके सरळ आलेत. रेघा कधी काढणार?" मग पुढच्या धड्यात पडद्यावरच्या कासवाने रेघा काढायच्या होत्या, त्यांना तेही दाखवलं. त्यांना कासव फारच आवडलं.

अडले ते ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवर. कुठे टॅब, कुठे चार स्पेस, दिसायला सारखं आणि चालायला नाही. दोन दुपारी रडकुंडीला आले. आता मेंटेनन्सच्या ४२ पावत्या एका दमात निघतात. थकबाकीवाल्यांची यादीही निघते, ती मात्र कोणाला आवडत नाही.

लातूरची_मी

ताई, डोळ्यांत पाणी आलं. रांगोळीचं मी आमच्या नवीन मुलांना सांगणार, तुमच्या नावानं.

मिरजेची_मावशी

@ठिपके_रेघा, बरं झालं लिहिलंत. सासूबाईंना नमस्कार सांगा. थकबाकीच्या यादीत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी स्वतःच पहिले असतात.

निळा_पडदा

माझं राहिलंच लिहायचं. २००१, सायबर कॅफे, तासाला ३० रुपये. पावसात फ्लॉपी दुधाच्या पिशवीत गुंडाळून सायकलवरून न्यायची. प्रोग्रॅमच्या शेवटी 'गेटच' (कळ दाबेपर्यंत थांबायची आज्ञा) लिहायला विसरलो की आउटपुट येऊन निघूनही जायचं, दिसायचं काहीच नाही. मी अर्धा तास, म्हणजे १५ रुपये, तोच तोच प्रोग्रॅम चालवत बसलो होतो. शेजारी चॅटिंग करणाऱ्या मुलीने न बघता सांगितलं, "आल्ट एफ५ दाब."

पुस्तकही तिचंच नेलं नंतर. परत केलं नाही. आता एकाच कपाटात आहे.

अगंबाई

आणि तिचा मोबाइल नंबर पाठ नाही!!! आवरा.

पूर्णविराम

निळा_पडदा, अभिनंदन. पुस्तक परत न करण्याचा एवढा चांगला परिणाम प्रथमच वाचला.

मिरजेची_मावशी

अपडेट. भाची आली होती सुट्टीला, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला वही दाखवली. ती म्हणाली, "मावशी, हे सगळं हाताने? का?" मग तिने पायथॉनमध्ये १०० चं फॅक्टोरियल काढून दाखवलं, १५८ अंकी, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी म्हटलं थांब. डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं) टाकायला लावलं, त्यात टर्बो सी, आमचा तेव्हाचा कम्पायलर. निळा पडदा आल्यावर माझ्या घशात काहीतरी झालं, तिला उंदीर कुठे नेऊ कळेना. प्रोग्रॅम तिनेच टाइप केला, माझ्या वहीतून बघून. ८ दिले. -२५२१६.

दोन मिनिटं बघत बसली. म्हणाली, "मावशी, तुझं मशीन उधारीत गेलंय." आणि मग पेन्सिल मागितली. वहीत माझ्या ४०३२० च्या खाली तिने ६५५३६ मांडून वजाबाकी केली.

बारा_भानगडी

मी दुसऱ्या प्रतिसादातच सांगितलं होतं.

निळा_पडदा

हो हो, सांगितलं होतंत.

म्हापशेकर

बांगडे नाही मिळाले. तारली आणली.

गवती_चहा

आठवीतल्या मुलासाठी पुस्तक कोणीच सांगितलं नाही अजून.